दहा एप्रिलपर्यंत मरायचं नाही

११ मार्च, मंगळवार

टण्! टण्! टण्! — केरोसिनच्या रिकाम्या डब्यावर लोखंडी चमचा. मी पाच-सहा वर्षांचा. नदीकाठच्या लव्हाळ्यात उताणा, नाकाशी चिखलाचा वास, छातीवर आजीचा हात. वर रस्त्यावर सरकारी वेल्फेअरची काळी गाडी, आम्हा आदिवासींची मुलं आईबापांपासून उचलून नेणारी. गाडीतल्या साहेबाला वाटायचं, या वस्तीत मुलंच होत नाहीत. काय वांझ जमात!

डोळे उघडले, तरी आवाज चालूच! स्वप्न नव्हतंच ते. शेजारच्या ओट्यावर माझी बहीण डल्सी डबा बडवत होती. डबा तोच. आजीने मरताना तिला घर-जमीन काही दिलं नाही, नव्हतंच काही. डबा दिला. पोलिसांची गाडी कोपऱ्यावर वळली की डल्सी आजही तो बडवते. गल्लीतली कुत्रीसुद्धा शिकली आहेत. तीच आधी पळतात.

आज उपयोग झाला नाही. कायरन पळालाच नाही. ‘‘मी काही केलंच नाही तर पळू कशाला?’’ म्हणाला. मूर्ख! आमच्या मुरंडी गावात काही न केलेल्यानेच आधी पळायचं असतं. नेला.

कायरन म्हणजे माझा नातू, माझ्या रेमंडचा मुलगा, विशीला टेकलेला. रेमंड स्वतः आतच आहे. आमच्या घराण्यात तुरुंग म्हणजे काही घराण्यांत वकिली असते तसं झालंय.

१२ मार्च

काल रागात अर्धवट लिहिलं. आज नीट.

डिसेंबरात कायरन त्याच्या मामाबरोबर मासे धरायला गेला. (मामाचं नाव लिहीत नाही. गेलेल्याचं नाव घ्यायचं नसतं.) मामा तिथे पाण्यापेक्षा बाटलीत जास्त रमला. परतताना पंचाईत — मामाकडे गाडी चालवायचा परवाना होता पण शुद्ध नव्हती. कायरनकडे शुद्ध होती पण परवाना नव्हता. पोराने शुद्धीला मत दिलं आणि गाडी हळूहळू घरी आणली. पोलिसांनी परवान्याला मत दिलं. दुसऱ्यांदा सापडला, म्हणून खटला. जामीन मिळाला तो एका अटीवर — रात्री मामाच्या घरी राहायचं.

फेब्रुवारीच्या शेवटी मामा त्याच घरात वारला. मग जे करतात ते केलं. गाद्या बाहेर, दारं उघडी, एमूच्या झुडपाच्या ओल्या पानांची धुरी. गेलेल्याला निघायला वाट मोकळी हवी, म्हणून घरात कोणी झोपत नाही. माणसं इकडे-तिकडे नातेवाइकांकडे पांगली. कायरन दोन गल्ल्या पलीकडे, चुलतभावाकडे.

नवा सार्जंट व्हिटकोम रोज संध्याकाळी त्या रिकाम्या घराचं दार ठोकायचा. आत कोण असणार, छपरात शिरलेलं पोसम? सगळ्या गल्लीने सांगितलं, अरे बाबा, पोरगा तिकडे जेवतोय, वास घेत गेलास तरी सापडेल. तो म्हणाला, ‘‘पत्ता म्हणजे पत्ता.’’ आणि जामीन मोडला म्हणून लिहिलं.

समुद्रकाठच्या शहरातून आलाय. विजारीची इस्त्री अशी की तिने पाव कापावा.

१४ मार्च, शुक्रवार

सुटला! म्हणजे, बाहेर आला. न्यायाधीशबाई टीव्हीच्या पडद्यावर होत्या, मधूनमधून गोठायच्या. एकदा तोंड उघडं असतानाच गोठल्या. मला वाटलं, हाच निकाल.

अट अशी — कायरन माझ्या घरी राहील. रात्री आठ ते सकाळी सहा दाराबाहेर पाऊल नाही. दहा एप्रिलला कोर्ट गावात येईल, तेव्हा खटला. तोवर एकदा जरी पत्त्यावर नाही सापडला तर सरळ आत, आणि मग लवकर बाहेर नाही.

वकीलबाईने विचारलं, घर स्थिर आहे ना? माझी पुतणी शोना म्हणाली, ‘‘आमचा एर्नीकाका जन्मात जागचा हलला नाही. घर काय हलतंय!’’

संध्याकाळी डल्सी आली. बरोबर गादी, किटली आणि डबा.

‘‘काय गं, राहायला?’’

‘‘पहाऱ्याला. डॉक्टरने तुझ्या काळजाबद्दल काय सांगितलंय ते सगळ्या गावाला माहीत आहे. झडप गळतेय. तू इथे मेलास तर घर रिकामं करावं लागेल. घर रिकामं झालं की पोरगा आत.’’

‘‘मग?’’

‘‘मग दहा एप्रिलपर्यंत मरायचं नाही! अकराला खुशाल मर. मी स्वतः गाद्या काढीन.’’

कित्येक वर्षांत या घरात मला काय करायचं ते कोणी सांगितलं नव्हतं. बरं वाटलं. तिला सांगितलं नाही.

१७ मार्च, सोमवार

सकाळची बैठक. जुन्या बेकरीत भरते, म्हणून सगळे तिला बेकरीच म्हणतात. भट्टी कधीच विझली, पण भिंतीतून अजून पावाचा वास येतो. निदान मला येतो. शोनाने ही बैठक सुरू केली. एका टेबलाभोवती आम्ही म्हातारे, शाळेच्या बाई, दवाखान्याची नर्स, आणि पोलीस. काल रात्री कोणाकडे भांडण झालं, कोणाचं पोर शाळेत आलं नाही, कोणाला घरी नेऊन सोडायचं — पोलिसांच्या आधी आपण जायचं. शोनाचं म्हणणं सोपं आहे. सरकार आमची मुलं कोंडायला ओततं तो पैसा आधीच इकडे ओतायचा. मग कोंडायला मुलंच उरत नाहीत. सरकारला हे समजायला अजून थोडी वर्षं लागतील. सरकारची झडपही गळते.

आज व्हिटकोम पहिल्यांदा आला. कागद उघडला आणि वाचायला लागला, ‘‘आरोपी या पत्त्यावर, म्हणजे दिवंगत —’’ आणि मामाचं नाव घेतलं! मोठ्याने! दोनदा!

शाळेच्या बाईंनी डोळे मिटले. कोणी तरी खुर्ची मागे ढकलली.

मग डल्सी बोलली. ओरडली नाही, त्यामुळे मलाच भीती वाटली.

‘‘पोरा, कुणाची आई मेली तर तू तिच्या पलंगावर उडी मारतोस का?’’

‘‘नाही, मॅडम.’’

‘‘मग नाव घेऊ नकोस. आणि ऐक. घरात माणूस गेला की घर बंद. तेव्हा दार ठोकायचं नाही. फाटकाशी उभं राहायचं, टोपी काढायची, कुणी हाक मारली तर आत यायचं. पोरगा कुठल्या घरी झोपणार ते आम्ही दिवस मावळायच्या आत सांगू. तो पत्ता तू लिहायचा.’’

‘‘मला तसा अधिकार नाही. वर विचारावं लागेल.’’

‘‘वर विचार. देवाकडे ओळख असेल तर त्यालाही विचार.’’

व्हिटकोमचे कान लाल झाले. लाल कानांचा पोलीस मी पहिल्यांदाच पाहिला.

२० मार्च

डल्सीने माझं मीठ बंद केलं. ही शिक्षा कुठल्या कलमाखाली, ते सांगत नाही.

२३ मार्च, रविवार

आजचा दिवस कोरून ठेवावा असा.

जेवून खुर्चीत बसलो होतो. शाळेतली कविता आठवत होतो — मिस ऑर्चर्डने वेताच्या छडीवर ताल धरून शिकवलेली, दीपगृहाच्या रखवाल्याची. आमच्यापासून समुद्र आठ दिवसांच्या वाटेवर! वर्गातल्या एकानेही लाट पाहिली नव्हती. पण म्हणायचो सगळे, डोळे मिटून —

दार न लावी रखवाला तो, वात ठेवतो जळती —
कोण कुठुनसे येइल भिजले, लाटांमधुनी वरती.

म्हणता म्हणता डोळा लागला. तोंड उघडं राहिलं असावं. शेजारची मॅव्हिस डोकावली, तिने हाक मारली. मी लाटांमध्ये! ऐकू कुठून येणार? तिने किंकाळी फोडली.

जागा झालो तेव्हा माझं कपाट अंगणात होतं! पलंग फाटकाबाहेर. दोन पुतणे फ्रिज उचलून पायरी उतरत होते आणि वरचा म्हणत होता, ‘‘हळू! अजून अंडी आहेत.’’ मॅव्हिस रडत रडत पडदे काढत होती. अशी वेगाने कामं ही गल्ली एरवी करत नाही. माझी पाइप-तंबाखू कोणी तरी आधीच वारसाहक्काने खिशात घातली होती.

‘‘मी मेलो का?’’ मी विचारलं.

फ्रिज धाडकन खाली. अंडी गेली.

डल्सी नदीवरून धावत आली. मला पाहिलं, अंगण पाहिलं आणि सगळ्यांवर बरसली, ‘‘आधी नाडी तरी बघायची! कपाट कसलं बघता!’’ मग पायरीवर बसली आणि हसायला लागली. हसता हसता दंड दाबत होती, धावली होती ना.

सामान आत घेताना कायरन माझ्याजवळ आला. ओठ पांढरे. बाकी सगळे हसत होते, तो नव्हता.

‘‘आबा, मला खरंच वाटलं.’’

‘‘अरे, इतक्यात नाही.’’

‘‘तू गेलास म्हणून रडायचं होतं. आणि पहिलं मनात काय आलं? आज रात्री मी कुठे झोपू. तू तिथे खुर्चीत, आणि मी घड्याळ बघतोय! मला हे असं नको आहे, आबा.’’

मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. माणसाला आपल्या माणसासाठी नुसतं रडताही येऊ नये — कोणत्या कायद्यात बसतं हे?

२७ मार्च

सिडनीहून टायवाले साहेब आले होते. बेकरीची पाहणी. डल्सीने निखाऱ्यात भाजलेली कांगारूची शेपटी आणि जॉनी केक, म्हणजे आमच्या जाड भाकऱ्या, वाढल्या. साहेब काट्याने शेपटीशी झुंजले. शेवटी शेपटी जिंकली.

साहेब म्हणाले, ‘‘यात धोका आहे. पैसा तुमच्या हाती दिला आणि काम झालं नाही तर?’’

शोना म्हणाली, ‘‘इतकी वर्षं पैसा तुमच्या हाती होता. काम झालं का?’’

साहेब पाणी प्यायले. म्हणाले, मुद्दा नोंदवतो.

डल्सी कोपऱ्यातून — ‘‘जाड अक्षरांत नोंदव हं.’’

१ एप्रिल

बेकरीतर्फे गाडी शिकवतात आता. कायरनला इतकी वर्षं परवाना का नव्हता? परवान्याला जन्माचा दाखला लागतो. दाखला मागायला गेलं की म्हणतात, ओळख पटवा, परवाना दाखवा! शोनाने शेवटी दाखला आणवला. पोरगा जन्मला होता, सरकारचीही खात्री पटली.

लेखी परीक्षेत गोल चौकाचे प्रश्न असतात. मुरंडीत साधा चौक नाही, गोल कुठला! अंगणात बादली ठेवली. कायरन हातात ताटली धरून बादलीभोवती फिरला, मी झाडूवर बसून उजवीकडून आलो. आणि कविता करून दिली —

उजवीकडचा येऊ दे रे, थांब जरासा भाई —
मेल्यावरती घाई नसते, आज कशाची घाई!

डल्सी म्हणाली, ‘‘सत्तर वर्षांत तुझ्या एका तरी कवितेचा कुणाला उपयोग झाला, देवाचे आभार!’’

रोज आठला दार ठोकणारा व्हिटकोम आज जरा आधीच आला तेव्हा आम्ही बादलीपाशीच होतो. डबा वाजून गेला होता, पण कोणीच पळालं नाही, ताटली आणि झाडू हातातच. तो बघत राहिला. मग म्हणाला, ‘‘मिस्टर कॉब, झाडूला इंडिकेटर नाही.’’

माणूस आहे की काय हा?

४ एप्रिल, शुक्रवार

पास!! एकही चूक नाही. वकीलबाई म्हणते, हे कोर्टात फार उपयोगी. आता फक्त दहा तारीख गाठायची. म्हणजे मी गाठायची.

६ एप्रिल, रविवार

दुपारी डल्सीबरोबर नदीवर. पाणी खाली गेलंय, लाल गमच्या झाडांची मुळं उघडी पडलीत. कोरेला पक्ष्यांचा पांढरा गोंधळ वर. हीच जागा, लव्हाळ्याची. आता लव्हाळं राहिलं नाही, आम्ही राहिलो.

मी दीपगृह म्हणायला लागलो. ती म्हणाली, ‘‘पुरे! ती कविता मला कधीच आवडली नाही. सगळी रात्र दार उघडं ठेवतो म्हणे. आमच्याकडे दार उघडं ठेवलं असतं तर तुला उचलून नेला असता, मलाही. आजीने दार नाही उघडं ठेवलं. डबा वाजवला.’’

‘‘पण समजा, येणारा चांगला असला तर?’’

‘‘तर दुसऱ्यांदा येईल.’’

मग गळाकडे बघत म्हणाली, ‘‘एर्नी, आता डबा तू वाजवत जा. माझा हात भरून येतो.’’

‘‘मला ताल कुठाय?’’

‘‘ताल! कवितेत यमक जुळवताना बरा ताल सापडतो रे तुला? पोलीस आले हे कळलं की झालं, नाचायचं नाहीये त्यावर.’’

एक पिवळ्या पोटाचा मासा मिळाला, हातभर. तिने त्याला मीठ चोळलं. मी पाहिलं, ती म्हणाली, ‘‘आज खा. चारच दिवस राहिलेत, मेलास तर तेवढे ढकलून नेऊ.’’

८ एप्रिल, मंगळवार. शोनाच्या ओट्यावर

काल सकाळी किटलीचा आवाज आला नाही. माझी बहीण खिडकीपाशी खुर्चीत होती. महिनाभर सगळी गल्ली चुकीच्या खुर्चीवर पहारा देत होती.

नाव लिहीत नाही. मागच्या पानांत आहे, ती पानं शोनाने दोऱ्याने बांधून दिली.

गाद्या बाहेर निघाल्या. या वेळी कोणी घाई केली नाही. नाडी आधी पाहिली. दोनदा पाहिली.

दिवस उतरू लागला तसं सगळ्यांनी कायरनकडे बघणं टाळलं. सकाळपासून कोर्टाला फोन लावत होतो, तिकडे नुसता वाजत होता, कोणी उचलत नव्हतं. आठला पोरगा या पत्त्यावर हवा, आणि या पत्त्यावर आज कोणी राहू शकत नाही. ‘‘मी राहतो, एकटा,’’ कायरन म्हणाला. तो तिच्यासाठी रडत होता आणि घड्याळाकडे पाठ करून उभा होता. मुद्दाम. मला ते कळलं.

डबा ओट्यावर तसाच होता. वाजवणारं कोणी नव्हतं, म्हणून कोणाला कळलं नाही. कुत्रंही उठलं नाही. मी वर पाहिलं तर फाटकाबाहेर कोणी तरी उभं. दार ठोकत नव्हतं, कडीला हात लावत नव्हतं. चुरगळलेला शर्ट, टोपी काढून काखेत, हातात ओल्या पानांचा भारा. इस्त्री नव्हती म्हणून मी ओळखलंच नाही.

व्हिटकोम.

पानं कण्हेरीची होती! पोलीस स्टेशनच्या कुंपणावरची. तिची धुरी दिली असती तर अख्खी गल्ली मेली असती आणि मुरंडीतलं एकेक घर रिकामं करावं लागलं असतं. बहीण असती तर हसून हसून मेली असती.

तो कधीचा उभा होता कोण जाणे. कोणीच हाक मारली नाही. सगळे माझ्याकडे बघत होते.

मारली मी.

तो आत आला. कायरनसमोर थांबला, माझ्याकडे वळला. ‘‘काका, न्यायाधीशबाईंशी बोलून आलोय,’’ म्हणाला. ‘‘पोरगा आज कुठल्या घरी झोपणार तेवढं सांगा. मी तिथे येऊन ठोकतो.’’